खदानीचा माल, जंगलाची हद्द आणि कोर्टाचा कागद

मागच्या महिन्यात आमचा भाचा बँकेचे कागद घेऊन पेढीवर आला. त्याला डंपर घ्यायचा होता आणि आम्ही जामीन राहावे अशी त्याची विनंती होती. हिशेब त्याने तोंडपाठ केला होता. एका खदानीवर रोजच्या ठरलेल्या खेपा, खेपेमागे ठरलेले भाडे, त्यातून डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टायरची झीज आणि बँकेचा हप्ता वजा जाता हातात उरणारी रक्कम. हिशेबात खोट नव्हती. आम्ही एकच सवाल केला, “खदान कुठे आहे?”

तो म्हणाला, “मामू, अभयारण्याच्या हद्दीला लागूनच आहे. पण मालक म्हणतो, सगळे कागद आहेत.”

“ते कागद तू पाहिलेस?”

तो गप्प राहिला.

आम्ही कापडवाले. आमची सारी उमर थान मोजण्यात आणि उधारी वसूल करण्यात गेली. खडी-वाळूशी आमचा संबंध घर किंवा गोदाम बांधण्यापुरता. तरीही हा सवाल आमच्या तोंडी आला, त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण आमच्याच नुकसानीचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही भिवंडीत एक लहानसे गोदाम बांधायला काढले. ठेकेदाराने वाळू आणि खडी बाजारभावापेक्षा स्वस्त देऊ केली. आम्ही खूश झालो आणि मोठी उचल दिली. एके रात्री माल घेऊन येणाऱ्या दोन गाड्या रस्त्यात अडवल्या गेल्या. रॉयल्टीच्या पावत्या नव्हत्या. गाड्या जप्त झाल्या, ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले, आणि जोत्यापर्यंत आलेले आमचे काम पावसाळाभर तसेच भिजत पडले. त्या हंगामात माल ठेवायला भाड्याची जागा घ्यावी लागली. स्वस्तात घेतलेल्या खडीची किंमत आम्ही अशी दुप्पट भरली. कापडाच्या गाठीवर बिल्टी नसेल तर ती दुकानात न घेणारे आम्ही, दगडाच्या बाबतीत मात्र पावती मागायला विसरलो होतो.

दुसरे कारण राजस्थानातले आहे, आणि आजचा हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

अलवरचा ट्रकवाला

बऱ्याच वर्षांपूर्वी राजस्थानचा माल आमच्याकडे आणणारा एक ट्रकमालक होता. मेवातचा, मेव बिरादरीचा, बोलायला सरळ माणूस. माल उतरेपर्यंत तो पेढीवर चहा घेत बसे. एकदा त्याने सांगितले की कापडाच्या वाहतुकीत तो नाइलाजाने आला. त्याआधी त्याच्या गाड्या अलवर जिल्ह्यात सरिस्काच्या डोंगरातला दगड वाहत असत. “दिल्लीहून एक हुकूम आला आणि आमच्या गाड्या उभ्या राहिल्या,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग होता. पण पुढे तो हेही म्हणाला की त्याच्या सासुरवाडीच्या गावात विहिरींना पुन्हा पाणी आले होते. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून ऐकल्यामुळे त्या आमच्या मनात राहिल्या. पुढे आम्ही माहितगारांकडून आणि निकालाच्या कागदांवरून तो मामला समजून घेतला.

दिल्ली आणि जयपूर यांच्या मधोमध अरवलीच्या रांगांत सरिस्काचे जंगल आहे. एके काळी ते अलवर संस्थानचे शिकारीचे रान होते. स्वातंत्र्यानंतर त्याला अभयारण्याचे संरक्षण मिळाले आणि १९७८ मध्ये ते व्याघ्र प्रकल्पात घेतले गेले. १ जानेवारी १९७५ च्या एका अधिसूचनेने तिथला मोठा भाग संरक्षित वन म्हणूनही जाहीर झाला होता. म्हणजे कागदावर या जंगलाला एकावर एक अशी तीन कुलुपे होती.

पण डोंगराच्या पोटात संगमरवर, डोलोमाइट आणि चुनखडी होती. त्या दगडाला शहरात मागणी होती. फरशी, मोझेकची चिप्स, पावडर असे सगळे त्यातून निघे. त्यामुळे एकीकडे वनखाते जंगल राखीव म्हणत होते आणि दुसरीकडे त्याच राज्याचे खाणखाते तिथेच खाणींचे पट्टे वाटत होते. सुरुंगांचे आवाज, ट्रकांच्या रांगा आणि दगडाची पांढरी धूळ वाघाच्या रानात पोहोचली.

पाणी कुठे जाते?

गावकऱ्यांचे भांडण वाघावरून सुरू झाले नव्हते. ते पाण्यावरून सुरू झाले. १९८५ मध्ये राजेंद्र सिंह आणि त्यांचे काही साथीदार तरुण भारत संघ या संस्थेतर्फे अलवरच्या खेड्यांत आले. तिथे दुष्काळाने विहिरी आटल्या होत्या आणि जवान मुले मजुरीसाठी शहरात गेली होती. गावातल्या जुन्या जाणत्यांनी त्यांना जोहड बांधण्याची वाट दाखवली. जोहड म्हणजे मातीचा बांध घालून केलेला तलाव. पावसाचे पाणी त्यात अडते, जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. गावोगावी लोकांनी श्रमदानाने जोहड बांधले आणि विहिरी भरू लागल्या.

काही गावांत मात्र चांगला जोहड बांधूनही पाणी टिकेना. शोध घेतला तेव्हा कळले की वरच्या अंगाला खाणींचे खोल खड्डे होते. आजूबाजूचे मुरलेले पाणी त्या खड्ड्यांत ओढले जात होते. खाणवाला ते पंपाने उपसून बाहेर टाकत होता, कारण खड्डा कोरडा असल्याशिवाय त्याला दगड काढता येत नव्हता. गावाने घाम गाळून साठवलेले पाणी दुसऱ्याच्या धंद्यात अडचण म्हणून फेकले जात होते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर खाणीचा नफा एकाच्या वहीत लिहिला जात होता आणि तिचा तोटा साऱ्या गावाच्या वहीत.

सर्वोच्च न्यायालयात

१९९१ मध्ये तरुण भारत संघाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मागणी साधी होती: सरकारने जे कायदे केले आहेत ते सरकारनेच पाळावेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८० चा वन संवर्धन कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि राजस्थानचे स्वतःचे वन कायदे, हे सगळे लागू असताना जंगलात खाणी कशा?

११ ऑक्टोबर १९९१ रोजी न्यायालयाने अंतरिम हुकूम दिला की संरक्षित क्षेत्रात कोणत्याही प्रकारचे खाणकाम चालू नये. आमच्या ट्रकवाल्याच्या गाड्या उभ्या राहिल्या, त्या या हुकमाने.

पण हुकूम निघाला म्हणून मामला मिटला नाही. खाणमालकांचे आणि राज्याच्या खाणखात्याचे म्हणणे असे की यातल्या बऱ्याच खाणी संरक्षित वनाच्या आत येतच नाहीत. महसुलाच्या दप्तरात एक नोंद, वनखात्याच्या नकाशात दुसरी. मग हद्द ठरवायची कशी? त्यासाठी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एम. एल. जैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने नकाशे, दप्तरे आणि प्रत्यक्ष जागा तपासली. तिच्या पाहणीत २१५ खाणी संपूर्णपणे संरक्षित वनाच्या आत आढळल्या आणि ४७ खाणी अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

मग एक तोडगा पुढे आला. खाणींखालचा सुमारे ५ चौरस किलोमीटर भाग जंगलातून वगळावा आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडची जमीन जंगलात घालावी. व्यापाऱ्याला हा सौदा वरकरणी बरा वाटेल, माल बदलून माल. पण वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राच्या परवानगीशिवाय जंगलाची जमीन अशी काढून घेता येत नाही. न्यायालयाने हा मार्ग मान्य केला नाही.

८ एप्रिल १९९३ रोजी निकाल आला. २१५ खाणी बंद. ४७ खाणींचा जेवढा भाग आत, तेवढा बंद. ज्या खाणी संरक्षित वनाबाहेर पण व्याघ्र राखीव क्षेत्रात होत्या, त्यांना केंद्राची परवानगी आणण्यासाठी काही महिन्यांची मुदत. न्यायालयाने सरकारलाही सुनावले की याचिकाकर्ते सरकारचे दुश्मन नाहीत. ते देशाच्या हिताचेच काम करीत आहेत आणि सरकारने त्यांना साथ द्यायला हवी. याच काळात, ७ मे १९९२ रोजी, केंद्र सरकारने अलवर आणि तेव्हाच्या गुडगाव जिल्ह्यातील अरवलीच्या ठरावीक भागांत परवानगीशिवाय नव्या खाणींना मनाई करणारी अधिसूचना काढली.

खाणी बंद झाल्या आणि जोहडांचे काम वाढत गेले, तसा तिथल्या अरवरी नदीला पुन्हा वर्षभर पाणी राहू लागले. राजेंद्र सिंह यांना २००१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण निकालाने सारे काही आपोआप सुधारले असेही नाही. शिकारीमुळे २००५ पर्यंत सरिस्कातले वाघच संपले आणि २००८ मध्ये रणथंबोरहून वाघ आणून पुन्हा सोडावे लागले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरिस्काच्या व्याघ्र अधिवासापासून १ किलोमीटरच्या आतल्या खाणी बंद करण्याचा हुकूम द्यावा लागला. २०२५ मध्ये या अधिवासाची हद्द नव्याने आखण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा बंद खाणी पुन्हा उघडण्याचा रस्ता आहे अशी हरकत लोकांनी घेतली. तीस वर्षांपूर्वी जो सौदा नामंजूर झाला होता, त्याचीच आठवण व्हावी असा हा मामला आहे.

मजुरांचे काय?

आमचे काही वाचक म्हणतील, खाणी बंद झाल्या, पण त्यात काम करणाऱ्यांच्या चुलीचे काय? हा सवाल रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाथरवट, सुरुंगवाले, ट्रकवाले, क्रशरवरचे हमाल हे गरीब लोक आहेत आणि त्यात आपली माणसे पुष्कळ आहेत.

सरिस्काच्या आधी डेहराडूनचा मामला झाला होता. मसुरीच्या डोंगरातल्या चुनखडीच्या खाणींविरुद्ध १९८३ मध्ये तिथल्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९८५ मध्ये बहुतेक खाणी बंद झाल्या. त्या वेळी न्यायालयाने कबूल केले की मालकांचे नुकसान होईल आणि मजूर बेकार होतील; पण लोकांना निरोगी वातावरणात जगण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी ही किंमत द्यावी लागेल. त्याचबरोबर या मजुरांना शक्य तितके झाडे लावण्याच्या आणि मातीची धूप थांबवण्याच्या कामावर घ्यावे असेही सांगितले. हुकूम चांगला होता, पण असा हुकूम प्रत्येक मजुराच्या ताटापर्यंत पोहोचतो असे नाही. आमचा ट्रकवाला कोणाच्या मदतीने नव्हे, स्वतःच्या हिमतीने कापडाच्या वाहतुकीत आला.

यातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. बेकायदा खाणीवर उभी केलेली रोजी कधीतरी जातेच, आणि ती जाते तेव्हा मालक दुसरा धंदा पाहतो व मजूर आणि गाडीवाला मागे राहतो. हप्ता गाडीवाल्याच्या नावावर असतो, खाणमालकाच्या नाही.

आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहोत असेही कोणी समजू नये. आमच्याच कापडाच्या धंद्याने राजस्थानात पालीच्या बांडी नदीचे काय केले, ते आम्ही तिथे खरेदीला जाताना पाहिले आहे. रंगाई-छपाईच्या पाण्याने विहिरी खराब झाल्या आणि शेतकऱ्यांना न्यायासाठी दारे ठोठवावी लागली. आम्ही तो माल विकत घेत होतो आणि रंग पक्का आहे की नाही एवढेच विचारत होतो.

बिल तोडण्याची जुनी युक्ती

खडी, वाळू, मुरूम यांना कायद्यात गौण खनिज म्हणतात. नाव गौण असल्यामुळे सरकारेही बराच काळ त्यांकडे गौण म्हणूनच पाहत होती. २००६ च्या नियमांप्रमाणे ५ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या खाणीला पर्यावरण परवानगी लागे. मग काय झाले? हरियाणात २०११ मध्ये दगडगोटे, खडी आणि वाळूच्या खाणींचे लिलाव निघाले, आणि एकेक तुकडा ४.५ हेक्टरच्या आत ठेवलेला. व्यापाऱ्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको. कराची मर्यादा ओलांडू नये म्हणून एका मालाची दोन बिले करण्यासारखेच हे आहे.

हे प्रकरण दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने हुकूम दिला की गौण खनिजाची खाण ५ हेक्टरपेक्षा लहान असली तरी पर्यावरण परवानगी हवीच. लहान लहान तुकडे मिळून नदीचे आणि डोंगराचे नुकसान मोठ्या खाणीइतकेच करतात, हा त्यामागचा विचार. आज खडीच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्रातही ही लढाई झाली आहे. अलिबागजवळच्या किहीम किनाऱ्यावर, जिथे सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता, तिथे बेकायदा वाळू उपसा चालत असे. सुमायरा अब्दुलअली या महिलेने त्याला हरकत घेतली. २००४ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. त्या मागे हटल्या नाहीत आणि आवाज फाउंडेशनतर्फे मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये त्यांच्यावर रायगड जिल्ह्यात पुन्हा हल्ल्याचा प्रयत्न झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाने राज्यात वाळू उपशावर काही काळ बंदी घातली. बांधकामवाल्यांनी तेव्हा मोठी ओरड केली, हे आम्हाला आठवते. ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो.

पैसा गुंतवण्याआधी

खडीशिवाय रस्ता होत नाही, घर होत नाही, शाळा होत नाही. हा धंदा वाईट नाही आणि कायदेशीर खदान चालवणारे इमानदार लोकही आहेत. तेव्हा आमच्या वाचकांपैकी जे बांधकाम काढणार आहेत, डंपर घेणार आहेत किंवा क्रशरमध्ये भागी करणार आहेत, त्यांनी निदान एवढे पाहावे.

खदानीचा पट्टा कोणत्या गटनंबरवर आहे ते विचारा आणि तो सातबाऱ्याशी ताडून पाहा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. सातबारा वाचायला आम्ही चाळिशीनंतर शिकलो. ज्याला येत नाही त्याने तलाठ्याकडून किंवा वकिलाकडून समजून घ्यावा, त्यात लाज नाही.

पर्यावरण परवानगीची प्रत मागा. तिच्यावर क्षेत्र, मुदत आणि किती माल काढता येईल हे लिहिलेले असते. मुदत संपलेली परवानगी म्हणजे वटण्याची तारीख उलटून गेलेला चेक.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान जवळ असेल तर अंतर मोजा. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिलेल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये दुरुस्त केलेल्या हुकमांप्रमाणे अशा क्षेत्राच्या आत आणि हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकामाला मनाई आहे.

प्रत्येक खेपेसोबत वाहतुकीचा परवाना आणि रॉयल्टीची पावती असलीच पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बेकायदा गौण खनिजावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, गाडीही जप्त होते.

आणि ज्यांच्या गावाजवळ अशी खदान निघाली आहे त्यांच्यासाठी: २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले आहे व त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. सर्वसाधारण तक्रारीला ६ महिन्यांची मुदत आहे, नुकसानभरपाईच्या अर्जाला ५ वर्षांची. दिलेल्या परवानगीविरुद्ध अपील करायचे तर मात्र ३० दिवसांत. उशिराचे कारण पटले तर या प्रत्येक मुदतीत आणखी ६० दिवस मिळू शकतात, पण त्यावर विसंबू नये. सरिस्काच्या लोकांनी घोषणांवर नाही, नकाशा आणि दप्तर यांवर मामला जिंकला. तेव्हा फोटो, तारखा, विहिरींची पातळी, गाड्यांचे नंबर हे सगळे आधी वहीत लिहून ठेवावे.

भाच्याचा डंपर

भाच्याला आम्ही सांगितले, “जामीन राहू, पण आधी कागद आण.” तो नाराज होऊन गेला. आमच्या बहिणीनेही दोन दिवस बोलणे टाकले. आठवड्याने तो परत आला. खदानमालकाने त्याला पर्यावरण परवानगीची प्रत दाखवली नव्हती. नुसते म्हटले होते की तुझ्यासारखे दहा गाडीवाले रांगेत उभे आहेत. आमच्या ओळखीच्या सर्व्हेअरने नकाशावर अंतर मोजले, ते १ किलोमीटरच्या पुष्कळ आत भरले.

सध्या तो दूरच्या एका कायदेशीर खदानीवर दुसऱ्याच्या गाडीवर आहे. तिथे भाडे कमी मिळते, पण प्रत्येक खेपेला पावती मिळते. त्या पावत्या तो एका पिशवीत जमा करतो आहे. वर्षभराच्या पावत्या आमच्या पेढीवर आणून दाखव, मग बँकेच्या कागदावर सही करू, असे आम्ही त्याला सांगितले आहे.